हाताने शिवलेले खेळणे आणि त्याचे गिऱ्हाईक

(हिमायतनगर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यानाचा मजकूर)



महाशिवरात्रीच्या सुमारास हिमायतनगरास, म्हणजे जुन्या वाढोण्यास, श्रीपरमेश्वराची यात्रा भरते. आसपासच्या खेड्यांतील व तांड्यांवरील माणसे मुलाबाळांसह येतात, देवदर्शन घेतात आणि मग पाळणे, भांडी, बांगड्या व खेळणी यांच्या दुकानांतून हिंडतात. अलीकडे खेळण्यांच्या दुकानांत एक दृश्य हटकून दिसते. दोरीला ओळीने टांगलेली लवदार कापडाची गुबगुबीत अस्वले, ससे आणि हत्ती वाऱ्यावर हलत असतात. यंत्रावर शिवलेली ही खेळणी शंभर असोत की हजार, सर्वांचे डोळे एकसारखे आणि हसणेही एकसारखेच. मूल हट्ट धरते, बाप थोडी घासाघीस करतो आणि शेवटी दोनशे रुपये मोजून अस्वल घरी येते.

त्याच घरात, कोनाड्यात किंवा पेटीच्या तळाशी, आजीने जुन्या लुगड्याच्या तुकड्यांतून शिवलेली चिंधीची बाहुली असते. तिच्या पोटात घरचा कापूस असतो, डोळे काळ्या दोऱ्याचे असतात, आणि घर तांड्यावरील असेल तर तिच्या घागऱ्यावर आरसे व कवड्याही असतात. ती शिवण्यास आजीला चार संध्याकाळी लागलेल्या असतात. ही बाहुली यात्रेतील त्या दोरीवर टांगली, तर कोणी तिला घेईल काय? प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर, नाही. आणि कोणी घेतलीच, तर शंभर रुपयांच्या वर देणार नाही.

परंतु अशीही माणसे जगात आहेत, की जी याच बाहुलीला हजार रुपये देतील, घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवतील आणि आलेल्या-गेलेल्यास दाखवतील. ती थोडी आहेत व दूर आहेत, आणि त्यांना वाढोणा कोठे आहे हे ठाऊक नाही. ही माणसे कोण, त्यांना काय हवे असते आणि त्यांच्यापर्यंत कसे पोहोचावे, हा आजचा विषय आहे.

प्राथमिक शिक्षकाचा बाहुल्यांच्या व्यापाराशी संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. संबंध असा, की तांड्यावर किंवा वाडीवर एखाद्या बाईने ‘गुरुजी, हे विकलं तर किती येतील?’ असे विचारावयाचे ठरवले, तर ती प्रथम शाळेच्याच दारात येते. तिला फसवणारे उत्तर देणे सोपे आहे. ‘छान आहे, विका’ एवढे म्हणणे हे ते उत्तर होय. खरे उत्तर देण्यास थोडा इतिहास, थोडे गणित आणि थोडा कायदा माहीत असावा लागतो.

प्रथम इतिहास पाहू. आज यात्रेत टांगलेले ते अस्वल मुळात हाताने शिवलेलेच होते. जर्मनीतील गींगेन या लहान गावी १८४७ साली मार्गारेटे श्टाइफ नावाची मुलगी जन्मली. ती दीड वर्षाची असताना बालपक्षाघाताने तिचे दोन्ही पाय निकामी झाले व उजवा हातही अधू झाला. हातगाडीत बसून ती शाळेत गेली, शिवण शिकली आणि पुढे त्याच शिवणावर तिने आपले पोट भरले. १८८० साली एका मासिकातील नमुन्यावरून तिने नमद्यासारख्या दाट लोकरीच्या कापडाचा एक लहानसा हत्ती केला. तो होता सुया टोचून ठेवण्यासाठी. तिने असे हत्ती ओळखीच्या बायकांना दिले. त्या घरांतील मुलांनी हत्तीतल्या सुया काढून टाकल्या आणि हत्ती खेळावयास घेतला. एका गिऱ्हाइकासाठी केलेली वस्तू दुसऱ्याच गिऱ्हाइकाने आपलीशी केली. मार्गारेटेने ते पाहिले आणि ती खेळणी करू लागली. वस्तू कोणाच्या हाती रमते, हे डोळे उघडे ठेवून पाहणे, हा या धंद्यातील पहिला धडा आहे.

तिचा पुतण्या रिचर्ड हा चित्रकलेत निपुण होता. तो स्टुटगार्टच्या प्राणिबागेत जाऊन अस्वलांची चित्रे काढीत असे. त्यावरून १९०२ साली त्याने हातपाय हलणारे, लवदार कापडाचे अस्वल तयार केले. १९०३ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ते मांडले, तेव्हा जत्रा संपत येईतो त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. शेवटी एका अमेरिकन व्यापाऱ्याने तीन हजार अस्वलांची मागणी नोंदवली. त्याच सुमारास अमेरिकेत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०२ च्या नोव्हेंबरात शिकारीच्या वेळी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिल्याची गोष्ट व्यंगचित्रातून गाजत होती. ब्रुकलिन येथील मॉरिस मिश्टम या दुकानदाराने व त्याच्या पत्नीने एक कापडी अस्वल शिवून रूझवेल्ट यांच्या घरगुती नावावरून त्याला ‘टेडी’ म्हटले. तेच नाव पुढे जगभर रूढ झाले. १९०७ साली एकट्या श्टाइफ कारखान्यातून नऊ लाख चौऱ्याहत्तर हजार अस्वले बाहेर पडली.

इतका खप होताच नकला सुरू झाल्या. त्यांना आवर घालण्यासाठी १९०४ च्या अखेरीस श्टाइफ कुटुंबाने प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूची एक लहान गुंडी बसविण्यास आरंभ केला. ही गुंडी म्हणजे ‘हे आमच्या हातचे आहे’ अशी सही होती. त्या काळी तिचे मोल फारसे कोणास वाटले नसेल. परंतु १९०४ साली केलेले असेच एक अस्वल १९९४ च्या डिसेंबरात लंडन येथील लिलावात एक लाख दहा हजार पौंडांना विकले गेले आणि जपानमधील खेळण्यांच्या संग्रहालयाकडे गेले. कापड, भुसा आणि दोरा यांची ती किंमत खासच नव्हे. अस्वल कोणी केले, केव्हा केले आणि ते कोणाच्या घरी वाढले, हे सारे खात्रीने सांगता येत होते, म्हणून ती किंमत आली. संग्राहक नावाचे जे गिऱ्हाईक आहे, ते या खात्रीचे पैसे देते.

हे सारे परदेशातले झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. सावंतवाडीची लाकडी खेळणी व फळे मराठी घरांतून परिचित आहेत. तेथील चितारआळी त्यासाठी प्रसिद्धच आहे. त्याच सावंतवाडीत गंजिफा नावाचे गोल, रंगविलेले पत्ते तयार होत. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, अशी एकशेवीस पाने असतात. प्रत्येक पान हाताने रंगवावयाचे. छापील पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा खेळणारी घरे एकेक करून संपली. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जाणणारे हातही मोजके उरले. अशा वेळी सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी हे काम हाती घेतले. सत्त्वशीलादेवींनी जाणत्या चिताऱ्याकडून ती कला स्वतः शिकून घेतली आणि १९७० च्या सुमारास राजवाड्यातच कारागिरांना बसवून पुन्हा गंजिफा करविण्यास प्रारंभ केला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की खेळणारे परत आले नाहीत. आजही सावंतवाडीत गंजिफा खेळणारी घरे शोधावी लागतील. परत आले ते दुसरेच लोक. चित्रकलेचे अभ्यासक, पत्त्यांचे संग्राहक, संग्रहालये आणि हौशी प्रवासी यांनी तो संच जपून ठेवण्यासाठी घेतला. जुने गिऱ्हाईक गेले, नवे मिळाले आणि त्या थोड्या लोकांवर कला तगली. यंत्राशी भावात स्पर्धा करण्याचा प्रयत्न केला असता, तर ती त्याच दशकात संपली असती.

आता अगदी शेजारी येऊ. भोकर-भैंसा या वाटेने गेले, की निर्मळ लागते. आज ते तेलंगणात असले, तरी १९५६ पर्यंत नांदेड व निर्मळ ही एकाच हैदराबाद राज्यात होती. तेथे पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची फळे, पक्षी व प्राणी करतात. या खेळण्यांना आता भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे दुसऱ्या कोणी आपला माल ‘निर्मळचा’ म्हणून विकू नये, अशी कायदेशीर व्यवस्था झालेली आहे. गींगेनच्या गुंडीचे हे आपल्याकडील रूप म्हणावे लागेल. कर्नाटकातील संडूर येथील लमाणी भरतकामालाही असेच मानांकन आहे आणि ते करणाऱ्या बाया आपल्या तांड्यांवरील बायांच्याच समाजाच्या आहेत.

मग हिमायतनगरच्या परिसराजवळ काय आहे? प्रथम कापूस आहे. ज्या नांदेड जिल्ह्यातील संशोधन केंद्राने ‘एनएचएच ४४’ हे संकरित वाण दिले, त्या जिल्ह्यात खेळण्याच्या पोटात घालण्यास कापूस विकत आणावा लागू नये. रानात काटेसावर आहे. तिचा कापूस सुतास निरुपयोगी, पण हलका आणि ओल न धरणारा असल्याने भरण्यास उत्तम. दुसरे म्हणजे जुने कापड आहे. आजवर जुन्या लुगड्याच्या वाट्याला दोनच गती असत. एक तर त्याची गोधडी होई, नाही तर बोहारीण त्याच्या बदल्यात एखादे भांडे देऊन ते घेऊन जाई. तिसरे आणि सर्वांत मोलाचे म्हणजे हात आहेत. तांड्यावरील वृद्ध स्त्रियांना फेटिया व कांचळी यांवरील भरतकाम येते. त्यांच्या सुना-नातींनी साडी व पंजाबी पोशाख स्वीकारला, यात गैर काही नाही. परंतु अंगावरचा पोशाख गेला, की हातातील टाकाही एका पिढीत जातो. जुने भरलेले कपडे फिरते व्यापारी थोड्या पैशांत घेऊन गेले, त्यांचे तुकडे पिशव्यांवर व उशांवर लागून शहरांत चांगल्या भावाने विकले गेले, आणि ज्या बाईने ते भरले होते तिचे नाव कोठेच उरले नाही. जे घडले ते पुन्हा घडू नये, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

काय करावे, यास उत्तर जवळच्या रानात सापडते. पैनगंगेच्या काठचे जंगल हे अस्वलांचे जंगल आहे. आपल्याकडील अस्वल यात्रेतल्या तपकिरी टेडीसारखे दिसत नाही. त्याचे केस काळे व विस्कटलेले, तोंड लांबट व फिक्या रंगाचे, नख्या मोठ्या, आणि छातीवर पांढरट कोयरीसारखा नव्हे तर खाली टोक केलेल्या कोनासारखा पट्टा असतो. त्याची मादी आपल्या पिल्लांना पाठीवर बसवून नेते. पाठीवर पिल्लू घेतलेली काळी अस्वलीण, तिच्या पाठीवर आरशांच्या भरतकामाची झूल, असे खेळणे जगातील दुसऱ्या कोणत्या गावी होणार? पोळ्याचा बैल, रोही, मोर, फेटिया नेसलेली बाई, हे असेच विषय आहेत. चित्रपटांतील किंवा दूरदर्शनवरील परक्या पात्रांची नक्कल मात्र कधीही करू नये. एक तर ती यंत्रावर अधिक चांगली होते, आणि दुसरे म्हणजे ती दुसऱ्याच्या स्वामित्वाची असल्याने कायद्याचाही प्रश्न येतो.

आता गणित. इयत्ता पाचवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल, असेच ते आहे. समजा, एका अस्वलास कापड ६० रुपये, कापूस ४० रुपये, दोरे व इतर सामान ३० रुपये, असे १३० रुपये लागले. बेतणे एक तास, शिवणे तीन तास, भरतकाम सहा तास, कापूस भरणे व शेवटचा हात फिरविणे दोन तास, असे एकूण बारा तास झाले. ताशी ५० रुपये धरले, तर मजुरी ६०० रुपये. बांधणी व टपाल १२० रुपये. बिघडलेल्या नगांसाठी व प्रदर्शनाच्या खर्चासाठी राखीव १५० रुपये. एकूण बेरीज १,००० रुपये.

आता यात्रेतील भाव २०० रुपये आहे. त्या भावाने हे अस्वल विकले, तर सामानाचे १३० वजा जाता ७० रुपये उरतात. सत्तरास बारांनी भागले, तर ताशी सहा रुपयेदेखील पडत नाहीत. ‘घरबसल्या तेवढेच’ असे म्हणून जी बाई हा भाव पत्करते, ती आपले बारा तास फुकट देते आणि शेजारणीच्या बारा तासांचाही भाव पाडते. शहरातील दुकानदाराने शेकडा तीस दलाली घेतली, तर हजारांतील ३०० जातात. त्यातून सामान व टपाल वजा केले आणि राखीव काहीच ठेवले नाही, तरी ४५० उरतात, म्हणजे ताशी साडेसदतीस रुपये. तेव्हा दुकानात ठेवावे की नाही आणि ठेवावयाचे तर भाव किती लिहावा, हे आधी ठरवून मगच माल पाठवावा.

याच गणिताची दुसरी बाजू धीर देणारी आहे. रोज तीन तास काम केले, तर एक बाई चार दिवसांत एक नग पुरा करते. महिन्यात सुट्यांसह सहा-सात नग होतात. पाच बायांचे तीस-पस्तीस होतात. याचा अर्थ महिन्याला केवळ तीस-पस्तीस गिऱ्हाइके पुरेत. हजारोंच्या बाजारपेठेची येथे गरजच नाही. पुणे, मुंबई, हैदराबाद येथे गेलेली या भागातील कुटुंबे, परदेशी असलेले त्यांचे नातलग, बाहुल्यांचे संग्राहक, लोककलेचे अभ्यासक, या सर्वांतून तीस माणसे सापडणे कठीण असले तरी अशक्य नाही. दिल्लीत के. शंकर पिळ्ळै यांनी १९६५ साली बाहुल्यांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय स्थापन केले. तेथे देशोदेशींच्या बाहुल्या आहेत व भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख नेसलेल्या बाहुल्याही आहेत. मुंबईत ग्रामीण बचतगटांसाठी ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन भरते. अशा ठिकाणी दहा जण पाहून पुढे जातात आणि अकरावा थांबतो. त्या अकराव्याचे नाव व पत्ता, त्याची अनुमती घेऊन, वहीत उतरून ठेवावा. पुढील वर्षी नवे अस्वल झाले, की त्याला त्याचे छायाचित्र आज भ्रमणध्वनीवरून क्षणात पाठविता येते. एका यात्रेतील शंभर अनोळखी गिऱ्हाइकांपेक्षा दरवर्षी परत येणारी अशी दहा गिऱ्हाइके या कामास अधिक उपयोगी पडतात.

हे गिऱ्हाईक टिकते ते शब्दावर. प्रत्येक नगाला कापडाची एक चिठ्ठी शिवावी आणि तीवर गाव, वस्तूचे नाव, वर्ष, क्रमांक आणि करणारीची इच्छा असल्यास तिचे नाव लिहावे. तोच क्रमांक वहीत नोंदवावा. एका नमुन्याचे बाराच नग करणार असे सांगितले असेल, तर तेरावा कितीही मागणी आली तरी करू नये. सावरीचा कापूस म्हणून सांगितले, तर तोच घालावा. शिवण उसवली, तर परत पाठवा, दुरुस्त करून देऊ, असे सांगावे आणि तसे करावे. जुन्या कपड्याचा तुकडा वापरला असेल, तर तसे लिहावे. त्याने किंमत कमी होत नाही, उलट वाढते. मात्र नव्या कापडास जुने म्हणू नये. एकदा खोटे उघडकीस आले, की तीस गिऱ्हाइके एकमेकांस सांगतात आणि सारी एकदमच जातात.

यानंतर कायदा व सुरक्षितता. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी केंद्र सरकारने २०२० साली आदेश काढला. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आवश्यक झाले. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या व विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली आहे. म्हणून विक्रीस आरंभ करण्यापूर्वी या कामातील प्रत्येक स्त्रीची कारागीर म्हणून नोंदणी करून तिला ओळखपत्र मिळवून देणे, हे शिक्षकाने करण्याजोगे पहिले साहाय्य होय. अर्ज भरताना नावाचे स्पेलिंग आधारपत्राप्रमाणे आहे की नाही एवढे पाहिले, तरी पुष्कळ खेपा वाचतात.

सूट मिळाली म्हणून काळजी सुटत नाही. आरसे व कवड्या लावलेले खेळणे हे कपाटात ठेवण्याचे आहे, तान्ह्या मुलाच्या हाती देण्याचे नाही, हे चिठ्ठीवर ठळक लिहावे. लहान मुलांसाठी करावयाचे असेल, तर डोळे दोऱ्यानेच भरावेत, मणी वा गुंडी लावू नये. तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकेल अशी वस्तू ओळखण्यासाठी ३१.७ मिलिमीटर रुंदीच्या नळकांड्याचे माप वापरतात. साधारण तेवढ्या रुंदीचे कागदाचे नळकांडे वर्गात करता येते. सुटलेला भाग त्यात पुरा मावला, तर तो धोक्याचा समजावा. तसेच कामास बसताना सुया मोजून द्याव्यात आणि उठताना मोजून घ्याव्यात. एक सुई कमी भरली, तर ती सापडेपर्यंत त्या दिवशीचा एकही नग बाहेर जाऊ देऊ नये.

शेवटचा मुद्दा शाळेविषयी आहे आणि तो सर्वांत नाजूक आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी उद्योगाद्वारे शिक्षणाची कल्पना मांडली. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, असा विचारही तीत होता. त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना तयार केली, तेव्हा तिनेच एक धोका दाखवून दिला होता. कमाईकडे लक्ष गेले, की शिक्षणाचे उद्दिष्ट मागे पडण्याचा संभव असतो. तो धोका आजही आहे. दहा वर्षांच्या मुलीची बोटे आजीच्या बोटांपेक्षा चपळ असतात, आणि मागणी वाढली की तिला शाळेतून घरी थांबवून टाके घालावयास बसवणे सोपे जाते. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली सुधारणा होऊन चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली. शाळेची वेळ सोडून घरच्यांना हातभार लावण्यापुरती मोकळीक कायद्यात आहे. परंतु कायद्याच्या पुढे जाऊन शिक्षकाने एक साधी रेघ आखावी. विकावयाच्या नगाला विद्यार्थ्याचा टाका लागता कामा नये.

मग विद्यार्थ्यांनी काय करावे? जे शिक्षण आहे ते सर्व करावे. अस्वलाचे वर्णन लिहावे, कारण निरीक्षणाशिवाय कागदी साचा बिनचूक होत नाही. कापडाचे क्षेत्रफळ मोजावे. फळ्यावर मांडलेला तो हजार रुपयांचा हिशेब दर महिन्यास खऱ्या आकड्यांनी पुन्हा मांडावा. चिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरात गावाचे नाव लिहावे. आजीला विचारून टाक्यांची तिच्या भाषेतील नावे वहीत नोंदवावीत, कारण ती दुसऱ्या कोठे लिहिलेली सापडतीलच असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर खेळण्यांच्या आधाराने शिकविण्याची जी पद्धती पुढे आली, तिचे साहित्य येथे आयतेच मिळते. आणि मुलाने स्वतःच्या हाताने एखादी वेडीवाकडी बाहुली केली, तर ती विकू नये. ती त्याची आहे.

या उद्योगाकडून फार मोठी अपेक्षा धरणेही बरोबर नाही. दिवाळीनंतर मराठवाड्यातील अनेक तांड्यांवरील कुटुंबे ऊसतोडीस निघतात आणि हंगामी वसतिगृहे चालवूनही वर्गातील काही जागा रिकाम्या राहतात. महिन्याला सहा अस्वले शिवून एखाद्या कुटुंबाची ऊसतोड थांबेल, असे कोणी सांगू नये. परंतु वरील हिशेबाने सहा नगांची मजुरी ३,६०० रुपये होते. तेवढ्याने एखादी आजी नातवंडांसह गावी मागे राहू शकेल आणि हजेरीपटावरील दोन नावांपुढे फुलीऐवजी उपस्थिती लागेल. प्राथमिक शिक्षकास यापेक्षा मोठा नफा कोणता हवा?

पुढील महाशिवरात्रीस यात्रेत पुन्हा तीच लवदार अस्वले टांगलेली असतील आणि मुले पुन्हा हट्ट धरतील. त्यांना ती घेऊ द्यावीत. आजीच्या अस्वलाचे स्थान त्या दोरीवर नाही. ते वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून, वर ठळक अक्षरांत पत्ता लिहून टपाल कचेरीत जावयाचे आहे. त्या खोक्यावर पाठविणाऱ्याच्या रकान्यात एका बाईचे नाव असावे आणि ते तिने स्वतःच्या हाताने लिहिलेले असावे. आज तिला ते लिहिता येत नसेल, तर त्याचा आरंभ कोणी करावयाचा, हे शिक्षकास सांगावयास नको.